केस, जस्त आणि अर्धा तर्क

जस्त कमी पडले की केस गळतात, म्हणून जस्ताची गोळी घेतली की केस वाढतात, असे जाहिराती सांगतात. पहिला भाग खरा आहे. दुसरा त्यातून निघत नाही. तेल संपले की दिवा विझतो, पण भरलेल्या दिव्यात आणखी तेल ओतून उजेड वाढत नाही.

पहिल्या भागाचा भक्कम पुरावा १९७३ सालचा आहे. ॲक्रोडर्माटायटिस एन्टेरोपॅथिका या दुर्मिळ आनुवंशिक रोगात आतड्यातून जस्त नीट शोषले जात नाही. बाळाच्या तोंडाभोवती चट्टे उठतात, जुलाब होतात, केस झडतात. जस्त देताच ही मुले सुधारतात, हे त्या वर्षी दाखवले गेले. केसाच्या मुळातील पेशी झपाट्याने विभागतात व त्या कामातील अनेक विकरांना जस्त लागते, तेव्हा यात नवल नाही. पण पुरुषांचे नेहमीचे टक्कल आनुवंशिकता आणि संप्रेरकांमुळे पडते. टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी गळणारे केस बहुधा आपोआप परत येतात. (मध्ये गोळी चालू असेल तर श्रेय तिला!)

डिसेंबर २०२४–जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात अनेकांना काही दिवसांतच टक्कल पडले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांत सेलेनियम फार वाढलेले आणि जस्त घटलेले असल्याचे सांगितले व रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. जाहिरातदाराला यातले ‘जस्त घटलेले’ एवढेच उचलता येईल. पण आजारपणातही रक्तातील जस्त उतरते. ते कारण की सोबती, हे एका तपासणीवरून ठरत नाही.

जस्ताची उणीव खरोखर कुठे संभवते? पालघर जिल्ह्यातील खोडाळ्यासारख्या गावी, जिथे जेवण नागली, वरई आणि भातावर उभे असते. धान्यातील फायटेट जस्ताला बांधून ठेवते. नागलीला मोड आणले किंवा आंबील केली की फायटेट कमी होते. आजीबाईंची ही रीत रसायनशास्त्राला धरूनच आहे. मात्र कुपोषित मुलाचे लालसर, विरळ, ओढताच हाती येणारे केस पाहून नुसते जस्त देणे चूक ठरेल. तिथे प्रथिने आणि पोटभर अन्नच कमी पडलेले असते. जस्ताच्या गोळीचे तिथले सिद्ध काम वेगळेच आहे: जुलाब झालेल्या सहा महिन्यांवरील मुलाला जलसंजीवनीबरोबर रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस.

वर्गात एक गणित घालावे. सात रेणू पाणी असलेल्या झिंक सल्फेटचा रेणुभार सुमारे २८७.५, जस्ताचा अणुभार ६५.४. मग २२० मिलिग्रॅमच्या गोळीत जस्त किती? सुमारे ५०. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १७ मिलिग्रॅम पुरे. असा जादा डोस महिनोन्‌महिने चालला तर आतड्यात तांब्याचे शोषण अडते, आणि केसांसाठी गोळी घेणारा पंडुरोग घेऊन दवाखान्यात जातो.