अंगठ्यापाशी थांबलेला एकलव्य

पुराणकथांचे पुनर्वाचन हे दलित साहित्याने हाती घेतलेले एक महत्त्वाचे कार्य आहे. शंबूक, कर्ण, एकलव्य ही प्रस्थापितांच्या वाङ्मयात कडेला उभी असलेली पात्रे. दलित कवीने त्यांना मध्यभागी आणले आणि त्यांच्या बाजूने व्यवस्थेला जाब विचारला. त्यांतील एकलव्याची प्रतिमा तर आता पूर्ण रुळली आहे. मोर्चाच्या फलकावर, वसतिगृहाच्या भित्तिपत्रकात, जयंतीच्या भाषणात तुटलेला अंगठा हमखास येतो. प्रतिमा इतकी सवयीची झाली म्हणजे तिची तपासणी करणे हे समीक्षेचे कर्तव्य ठरते. माझे म्हणणे असे की, आपला एकलव्य अंगठ्यापाशी थांबला आहे. आणि त्याने तेथेच थांबावे हे व्यवस्थेच्या सोयीचे आहे.

प्रथम मूळ कथा पाहू. आदिपर्वातील एकलव्य हा निषादांचा राजा हिरण्यधनू याचा मुलगा. तो निषाद आहे म्हणून द्रोण त्याला शिष्य करून घेत नाही. तो अरण्यात द्रोणाची मातीची मूर्ती करतो आणि स्वतःच्या अभ्यासाने धनुर्विद्या साध्य करतो. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात तो सात बाण मारतो, तेव्हा अर्जुन अस्वस्थ होतो व गुरूला त्याच्या वचनाची आठवण देतो. तुझ्याहून वरचढ असा माझा शिष्य होणार नाही, हे ते वचन. अंगठ्याची मागणी त्यानंतर होते. म्हणजे स्पर्धेचा निकाल आधीच ठरलेला होता आणि तो टिकवण्यासाठी स्पर्धकाचा हात निकामी करण्यात आला. हरिदासांनी आणि शाळामास्तरांनी या प्रसंगातून गुरुभक्तीचा पाठ काढला. महाभारतकार मात्र इतका भाबडा नाही. द्रोणपर्वात कृष्ण अर्जुनाला स्पष्ट सांगतो की, तुझ्या हितासाठीच एकलव्याला नाहीसे करण्यात आले.

याच कथेत आणखी एक तपशील आहे. अंगठा दिल्यानंतर एकलव्य बोटांनी बाण सोडू लागला. पूर्वीची चपळाई मात्र राहिली नाही. त्याने धनुष्य खाली ठेवले नाही, ही गोष्ट आपण जवळजवळ विसरलो आहोत.

शशिकांत हिंगोणेकर यांची ‘एकलव्य’ ही कविता या संदर्भात महत्त्वाची आहे. ती मराठीबाहेरही पोहोचली. या कवितेतला ‘मी’ थेट एकलव्याशी बोलतो आणि त्याच्या चुकीची पुनरावृत्ती करणार नाही असे बजावतो. गुरुभक्तीच्या पाठाला दिलेला हा स्वच्छ नकार आहे आणि त्याचे ऐतिहासिक मोल मोठे आहे. परंतु नकार हा आरंभ असतो. अंगठा द्यायचा की नाही, एवढ्याच प्रश्नाभोवती आपण फिरत राहिलो, तर मागणारा द्रोणच कथेचा सूत्रधार राहतो. कोणी शिकवायचे, काय शिकवायचे, मैदान कोणाचे, हे प्रश्न मग उपस्थितच होत नाहीत.

ते उपस्थित न झाल्याचा परिणाम शासनाच्या नामकरणात दिसतो. उत्तम खेळाडूसाठी १९६१मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, उत्तम प्रशिक्षकासाठी १९८५मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार. आणि १९९७-९८मध्ये आदिवासी मुलांसाठी निवासी शाळांची योजना आली, तेव्हा तिला नाव मिळाले एकलव्याचे! गोंदिया जिल्ह्यात देवरी तालुक्यातील बोरगाव बाजार येथे अशी शाळा आहे. शाळा हवी, चांगली हवी, अशा आणखी हव्यात. याविषयी वाद नाही. पण ज्याला गुरूने दारातून परत पाठवले त्याचे नाव शाळेला आणि ज्याने परत पाठवले त्याचे नाव गुरूंच्या सन्मानाला, ही वाटणी वर्णव्यवस्थेच्या चौकटीत नेमकी बसते. खो-खोमध्ये एकलव्य पुरस्कार आहे, हे खरे. पण देशाचा खेळाडू म्हणून मान मिळतो तो अर्जुनाच्याच नावाने. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातला लिंबाराम हा आदिवासी तिरंदाज बांबूच्या धनुष्याने जंगलात शिकार करीत वाढला, १९८८ ते १९९६ या काळात तीन ऑलिंपिकमध्ये खेळला, १९९२मध्ये त्याने जागतिक विक्रमाची बरोबरी केली. त्यालाही १९९१मध्ये मिळाला तो अर्जुन पुरस्कारच. नावे बदलता येत नाहीत असे नाही. २०२१मध्ये खेलरत्न पुरस्काराचे नाव बदलून ध्यानचंदांचे देण्यात आले. द्रोणाचार्याविषयी मात्र कोणाला संकोच वाटत नाही.

गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न केवळ नावापुरता नाही. देवरी, सालेकसा या भागांत गोंड, हलबा समाजाची दाट वस्ती आहे. येथे धनुष्यबाण हे शिकारीचे आणि रक्षणाचे साधन होते. १९७०मध्ये नागझिरा अभयारण्य झाले, १९७२मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७५मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. वन्यजीव राखलेच पाहिजेत. परंतु याचा सामाजिक अर्थ असा झाला की, जंगलातले धनुष्य गुन्ह्याचे साधन ठरले आणि मैदानातले धनुष्य क्रीडासाहित्य. या दोहोंमधले अंतर आदिवासी मुलाने कसे ओलांडावे? बांबूच्या साध्या धनुष्याची ‘इंडियन राउंड’ ही स्पर्धा ५० व ३० मीटरवर होते. पण तिची वाट देशाच्या सीमेपाशी संपते. पुढे जायचे तर लाखाच्या घरात जाणारे परदेशी बनावटीचे धनुष्य लागते.

येथे एक विरोधाभास ध्यानात घ्यावा. मंगोल आणि तुर्की धनुर्धर अंगठ्याने प्रत्यंचा ओढत. आजच्या ऑलिंपिक पद्धतीत ती तर्जनी, मध्यमा आणि अनामिका यांनी ओढतात. अंगठा दोरीला लागतच नाही. म्हणजे आजच्या मैदानावर एकलव्य अंगठ्याविना उभा राहू शकतो. त्याला अडवायला आता सुरी लागत नाही. साधन, प्रशिक्षक आणि मैदान यांचा अभाव पुरतो. शिक्षणात हेच तोंडी परीक्षेच्या गुणांतून होते. दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाविषयी सुखदेव थोरात समितीने २००७मध्ये दिलेला अहवाल या दृष्टीने वाचावा. अंगठा तर आमचा सावकाराच्या कागदावर गेला. आज तो रेशन दुकानातल्या यंत्रावर ठेवायचा आणि राबून रेषा झिजल्या असतील तर धान्यावाचून परत फिरायचे.

आणखी एका प्रश्नाला आपण सामोरे गेले पाहिजे. एकलव्य निषाद होता, अरण्यातला होता. आपण त्याला आपला म्हटले; पण त्याच्याविषयी आदिवासी लेखक काय म्हणतो, हे किती वेळा विचारले? वाहरू सोनवणे यांनी ‘स्टेज’ या कवितेत, आमचे दुःख दुसरेच मंचावरून सांगतात, ही वेदना मांडली. ती टीका आपल्यालाही लागू आहे.

विचारले असते तर गोंदिया जिल्ह्यातूनच एक वेगळी कथा मिळाली असती. सालेकसा तालुक्यात, दरेकसा रेल्वे स्थानकाजवळ कचारगड आहे. माघ पौर्णिमेला तेथे दूरदूरच्या राज्यांतून गोंड बांधव येतात. गोंडी परंपरा सांगते की, या गुहेत मुले कोंडली गेली होती आणि पारी कुपार लिंगोने त्यांची सुटका करून त्यांना ज्ञान दिले. मोतीरावण कंगाली यांनी गोंडी पुनेमची मांडणी करताना लिंगोला मध्यवर्ती स्थान दिले आहे. म्हणजे येथे गुरू शिष्याचे अवयव मागत नाही. गुहेच्या तोंडावरचा धोंडा हलवतो. द्रोणाला पर्याय म्हणून उभा राहील असा गुरू आपल्या शेजारी असताना आपली कविता हस्तिनापुराच्याच वेशीवर का ताटकळते?

बौद्ध परंपरेतही याला जोड आहे. धम्मपदात बाण सरळ करणारा कारागीर आणि स्वतःला वळण लावणारा शहाणा माणूस एकाच पंक्तीत बसतात. बुद्धाने सांगितलेला, बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत तर सर्वांना ठाऊक आहे. मारणारा क्षत्रिय की ब्राह्मण, दोरी कशाची, पीस कोणत्या पक्ष्याचे, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही असे म्हणणारा माणूस मरून जाईल. बाण कोणी मारला हे आपल्याला पुरते कळले आहे. आता तो काढण्याचे काम आहे.

म्हणून तरुण कवींनी बोटांनी बाण सोडणाऱ्या एकलव्याकडे वळावे. कार्यकर्त्यांनी द्रोणाचार्याच्या नावाचा पुरस्कार बदलण्याची मागणी करावी. पण तेवढ्यावर न थांबता प्रत्येक आश्रमशाळेत आणि निवासी शाळेत धनुष्य, मैदान व पगारी प्रशिक्षक मागावा. आणि शिक्षकांनी वर्गात ही कथा सांगताना अर्जुनाची तक्रार वगळू नये. मुलांना ती लगेच कळते.