पारिभोगिक चेतिय आणि आंबेडकर भवन

नाशिकच्या इंदिरानगरपासून अल्प अंतरावर त्रिरश्मी लेणी आहेत. तेथील दहाव्या लेण्यात उषवदाताचा दानलेख आहे. भिक्खुसंघासाठी त्याने 3000 कार्षापणांची अक्षयनीवी गोवर्धनच्या श्रेणींकडे ठेवली. 2000 शेकडा दरमहा एक या दराने, 1000 पाऊण दराने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याज तेवढे वापरावयाचे. आम्हांस मात्र त्यातील दुसराच तपशील मोलाचा वाटतो : हे सर्व निगमसभेत वाचून दाखविले गेले आणि फलकावर नोंदविले गेले.

दादरच्या आंबेडकर भवनासंबंधीच्या वादाचा विचार करताना हा लेख आम्हांस वारंवार आठवतो. 25 जून 2016 च्या पहाटे ते भवन व बुद्धभूषण मुद्रणालय पाडण्यात आले. 19 जुलैला मुंबईत विराट मोर्चा निघाला. वास्तू धोकादायक झाली होती, तिच्या जागी सतरा मजली भवन उभारावयाचे होते, असे न्यासाच्या बाजूचे म्हणणे. विरोधकांनी वारशाचा मुद्दा मांडला. परंतु वारसा म्हणजे नेमके काय, हे क्षोभाच्या भरात अस्पष्टच राहिले.

कालिंगबोधि जातकाच्या प्रास्ताविक कथेत चेतियाचे तीन प्रकार येतात : सारीरिक, पारिभोगिक आणि उद्देसिक. उद्देसिकास वस्तूचा आधार नसतो, ते केवळ मनाने मानलेले असते, असे तेथे म्हटले आहे. नवे भवन कितीही उंच झाले तरी ते उद्देसिकच. ज्या मुद्रणालयात ‘प्रबुद्ध भारत’ छापला गेला, ते पारिभोगिक होय. ते एकदा मोडले की कोणत्याही निधीने पुन्हा घडविता येत नाही.

विटांची पूजा आम्हांस अभिप्रेत नाही. जीर्ण विहाराच्या दुरुस्तीस विनयाचा विरोध नाही. मात्र ते नवकम्म संघासमोर ठराव मांडूनच सोपवावे लागते. चुल्लवग्गात आराम व विहार ‘अविस्सज्जिय’ ठरविले आहेत. संघ, गण वा व्यक्ती, कोणीही ते देऊन टाकू शकत नाही. दिले तरी दिले गेले नाही असेच समजावयाचे. पाडणे म्हणजे देऊन टाकणे नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण सामूहिक वास्तूचा सांभाळ करणारा तिचा स्वामी नव्हे, हा त्या नियमाचा गाभा येथेही लागू पडतो.

न्यासास कायद्याने कोणता अधिकार होता, हा न्यायालयाचा विषय. आमचा प्रश्न त्याआधीचा आहे. हा निर्णय कोणत्या सभेत वाचून दाखविला गेला होता? तसा तो वाचला गेला असता, तर पहाटेची वेळ निवडावी लागली नसती.