रंगभूमीवरील मॅकबेथ आणि इतिहासातील मॅकबेथ

शेक्सपिअरची 'मॅकबेथ' ही शोकांतिका मराठी रसिकांस अपरिचित नाही. शि. म. परांजपे यांनी 'मानाजीराव' या नावाने, तर वि. वा. शिरवाडकर यांनी 'राजमुकुट' या नावाने तिला मराठी रूप दिले. मात्र या नाटकाचा नायक ११ व्या शतकात स्कॉटलंडवर राज्य करून गेलेला एक खराखुरा राजा होता, याचा विचार आपल्याकडील नाट्यसमीक्षेत क्वचितच होतो. तो करणे अगत्याचे आहे.

नाटकात वृद्ध, सात्त्विक राजा डंकन हा मॅकबेथच्या घरी पाहुणा म्हणून येतो आणि निद्रिस्त असताना मारला जातो. इतिहासातील डंकन वृद्ध नव्हता. तो १०३४ मध्ये गादीवर आला आणि १०४० मध्ये, तरुण वयातच, सैन्यासह मोरे प्रांतात उतरला असता एल्गिनच्या परिसरात मारला गेला. मॅकबेथ हा त्या प्रांताचा अधिपती होता. तत्कालीन स्कॉटलंडमध्ये पित्यानंतर पुत्र असा वारसाक्रम दृढ झालेला नव्हता. राजवंशाच्या विविध शाखांतील समर्थ पुरुष राज्यावर हक्क सांगत. मॅकबेथची पत्नी ग्रुओख हीदेखील राजवंशातीलच होती. तेव्हा ज्यास नाटक राज्यापहार म्हणते, तो त्या काळच्या रीतीत एका दावेदाराने दुसऱ्यावर मिळविलेला विजय होता.

त्यानंतर मॅकबेथने १७ वर्षे राज्य केले. मारिआनुस या समकालीन भिक्षुकाच्या नोंदीनुसार १०५० मध्ये त्याने रोम येथे गोरगरिबांना मुक्तहस्ते द्रव्य वाटले. लॉख लेव्हन येथील धर्मसंघास त्याने व ग्रुओखने भूमिदान केल्याचीही नोंद आहे. ज्याचे आसन डळमळीत आहे, असा राजा राज्य सोडून इतका दीर्घ प्रवास करण्यास धजावत नाही. १०५४ मध्ये सिवर्डच्या सैन्याकडून पराभव झाल्यावरही तो तीन वर्षे टिकून राहिला. १०५७ मध्ये डंकनपुत्र माल्कमकडून लम्फनन येथे त्याचा अंत झाला, आणि त्यानंतरही काही महिने राज्य मिळाले ते ग्रुओखच्या पहिल्या विवाहातील पुत्रास, लुलाखला.

मग हा राजा नराधम कसा ठरला? पालि वंससाहित्याच्या अभ्यासकास हा प्रश्न ओळखीचा वाटेल. माल्कमच्या वंशजांच्या राज्यात जो इतिहास रचला गेला, त्यात पराभूत राजाची प्रतिमा पिढ्यान्‌पिढ्या काळवंडत गेली. १५२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेक्टर बोइसच्या ग्रंथात स्ट्यूअर्ट घराण्याचा कल्पित पूर्वज बँको अवतरला. तेथून ही कथा हॉलिन्शेडच्या बखरीत आली आणि तीच शेक्सपिअरला उपलब्ध झाली. महावंसात अशोकाने ९९ भावांचा वध केल्याचे सांगितले आहे. परंतु अशोकाच्या पाचव्या शिलालेखात त्याच्या भावांच्या अंतःपुरांचा उल्लेख येतो. चंडाशोक जितका क्रूर, तितका धर्माशोक तेजस्वी, ही ग्रंथकाराची गरज होती. बोइस-हॉलिन्शेड परंपरेची गरज निराळी होती, पण व्यवहार तोच.

शेक्सपिअरने या सामग्रीचे काय केले, हा समीक्षेचा खरा विषय होय. हॉलिन्शेडचा मॅकबेथ पहिली दहा वर्षे उत्तम कायदे करून न्यायाने राज्य करतो. नाटककाराने ती दहा वर्षे पुसून टाकली. हॉलिन्शेडचा बँको डंकनच्या वधात सहभागी आहे. १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला जेम्स स्वतःस बँकोचा वंशज मानत असल्याने नाटकात तो निर्दोष झाला. निद्रिस्त पाहुण्याचा वध तर डफ या दुसऱ्याच राजाच्या कथेतून उचलला आहे. यातील बँकोविषयीचा बदल राजनिष्ठेतून आला, असे म्हणावे लागते. परंतु दहा वर्षे पुसण्यामागे केवळ नाट्यदृष्टी आहे. कृत्य आणि त्याचा विपाक यांमध्ये अवकाशच उरू नये, म्हणून ती पुसली गेली. नाटकातील मॅकबेथपाशी हिरी आणि ओत्तप्प, म्हणजे पापाची लज्जा आणि भय, दोन्ही आहेत. ती असूनही तो खंजीर उचलतो. त्याची शोकांतिका येथे आहे, सिंहासन गमावण्यात नव्हे.

म्हणून शेक्सपिअरवर अनैतिहासिकतेचा आरोप ठेवण्यात अर्थ नाही. परंतु काव्यास इतिहासाचे बंधन नाही, एवढे म्हणून समीक्षकाची सुटकाही होत नाही. आज मॅकबेथ हे नाव उच्चारताच लोकांना दिसतो तो खुनी; रोममध्ये दान करणारा राजा कोणास स्मरत नाही. एका प्रभावी नाटकाने एका मृत माणसाची स्मृती कायमची झाकून टाकली आहे. त्याला प्रत्युत्तर देता येत नाही. नाटकाची थोरवी मान्य करीत असतानाच ही नोंद करून ठेवणे, एवढे ऋण त्याचे आपल्यावर आहे.