भाडं थकलेली अमेरिका

२०२३च्या जुलैत ‘ओपनहायमर’ आला तेव्हा आपल्याकडे बोलणं झालं ते दोनच गोष्टींवर: आयमॅक्सचा पडदा केवढा, आणि शय्यादृश्यात गीता कशी आली. २०२५च्या मार्चमध्ये ‘अनोरा’ला पाच ऑस्कर मिळाली, त्यातली चार एकट्या शॉन बेकरला, तेव्हाही तीच तऱ्हा. असल्या बाईच्या गोष्टीला एवढा मान कशाला, असं म्हणणारा एक पक्ष. ‘असल्या’ म्हणणाऱ्यांना झोडपण्यात दंग असलेला दुसरा. सिनेमा राहिला बाजूलाच.

‘अनोरा’तला सौदा आठवून पाहा. न्यूयॉर्कमधल्या क्लबात नाचणारी ॲनी आणि रशियन धनाढ्याचं लाडावलेलं पोरगं. आठवडाभराच्या सोबतीचे तो दहा हजार डॉलर देऊ करतो. ती पंधरा मागते, तेही आधी आणि रोख. ठरल्यावर ती हसत सांगते, दहालाही मी तयार होते. तो म्हणतो, तुझ्या जागी मी असतो तर तीसच्या खाली आलो नसतो. ज्याला जन्मात कधी बिल भरावं लागलं नाही आणि जिला रोज भरावं लागतं, त्यांच्यातलं अंतर इतक्या थोडक्यात अलीकडे कुणी दाखवलेलं नाही. पुढे दोघं लग्न करतात आणि बापाची माणसं ते मोडायला येतात, तेव्हा तिच्यापुढे टाकलेला आकडा असतो दहा हजार. बायको झाल्यावर ती पाच हजारांनी स्वस्त होते! हे पाहायचं सोडून आपण कपडे किती होते ते मोजत बसलो.

अमेरिकन सिनेमाची मला वाटणारी खरी ताकद इथे आहे: माणसाच्या खिशात किती पैसे आहेत हे तो सांगतो. ही परंपरा जुनी आहे. चॅप्लिनचा १९१७चा ‘द इमिग्रंट’ घ्या. खाणावळीत एका गिऱ्हाइकाला दहा सेंट कमी पडतात म्हणून वेटर त्याला बदडून काढतात. चार्ली खिसा चाचपतो, तर रस्त्यात सापडलेलं नाणं भोकातून केव्हाच पडलेलं. मोठ्या धडपडीनं एक नाणं हाती लागतं, धिप्पाड वेटर ते दातांत धरतो आणि ते वाकतं. आपण पोट धरून हसतो आणि बोटीतून नुकत्याच उतरलेल्या माणसाचा जीव किती स्वस्त आहे तेही कळतं.

चार्ल्स बर्नेटच्या ‘किलर ऑफ शीप’मध्ये लॉस एंजेलिसच्या काळ्या वस्तीतला, खाटिकखान्यात राबणारा स्टॅन मित्राबरोबर एक जुनं इंजिन विकत घेतो. दोघं घाम गाळत ते जिन्यावरून खाली आणतात, ट्रकमध्ये अगदी कडेला ठेवतात, आणि गाडी चढावर हलताच ते रस्त्यावर आपटतं. पगारातले पैसे गेले. कुणी ओरडत नाही, संगीत वाजत नाही. सत्तरच्या दशकात केलेला हा सिनेमा गाण्यांच्या हक्कांचे पैसे नव्हते म्हणून २००७पर्यंत रीतसर थिएटरात लागू शकला नाही.

आणि केली राइकार्ट. २००८चा ‘वेंडी अँड लूसी’ मी कितीही वेळा पाहायला तयार आहे. कामाच्या शोधात अलास्काकडे निघालेली वेंडी, सोबत कुत्री. ओरेगनमधल्या एका गावात गाडी बंद पडते. वही काढून ती खर्च मांडते. कुत्रीच्या खाण्याचे डबे चोरताना पकडली जाते, आणि पकडून देणारा दुकानातला पोरगा तिच्याहून श्रीमंत मुळीच दिसत नाही, फक्त त्याला पगार आहे. चौकीतून दंड भरून परत येते तो कुत्री गायब. एक म्हातारा पहारेकरी तिला फोन वापरू देतो, आणि शेवटी सोबतच्या बाईच्या नजरेआड वेंडीच्या हातात काही नोटा कोंबतो. त्या उलगडतात तेव्हा कळतं, दहा डॉलरसुद्धा नाहीत. दुसऱ्या दिग्दर्शकानं इथे वायोलिन लावलं असतं. राइकार्ट नोटा दाखवते आणि पुढे जाते. म्हाताऱ्याला तेवढेच परवडतात; त्याचीही अमेरिका तीच.

तिच्याच ‘फर्स्ट काउ’मध्ये १८२०च्या सुमाराला ओरेगनच्या रानात दोन कफल्लक मित्र, एक स्वयंपाकी आणि एक चिनी भटक्या, मुलखातल्या एकुलत्या एक गायीचं दूध रात्री चोरून काढतात आणि त्याचे गोड तळीव केक विकतात. गाय मोठ्या साहेबाची, आणि साहेबच त्यांचं सर्वांत खूश गिऱ्हाईक. भांडवल कुठून येतं यावर ग्रंथ पुष्कळ झाले. धार काढणाऱ्या हातांवरून ते कळतं ते इथे.

रामिन बहरानीचा ‘मॅन पुश कार्ट’ याच पंक्तीतला. पहाटेच्या अंधारात मॅनहॅटनच्या मोटारींमधून कॉफीची गाडी हातानं ओढणारा पाकिस्तानी माणूस, एके काळचा गायक. याच बहरानीनं पुढे ‘द व्हाइट टायगर’ केला, तेव्हा दिल्लीतला ड्रायव्हर त्याला परका वाटला नाही यात नवल नाही.

‘नोमॅडलँड’ला मात्र मी भुललो नाही. जिप्समचा कारखाना बंद झाला आणि एम्पायर नावाचं अख्खं गाव उठलं, ही सुरुवात जबर. नंतर नायिका ॲमेझॉनच्या गोदामात खोकी भरते आणि गोदामाविरुद्ध सिनेमा चकार शब्द काढत नाही. सूर्यास्त मात्र भरपूर. क्लोई झाओ तिथून ‘इटर्नल्स’कडे गेली आणि एका देवमाणसाला बॉलिवूडचा नट करून नाचवलं.

बाकी अमेरिकन सिनेमात हा खिसा दिसत नाही. सुपरहिरोंच्या सिनेमांत शहरं कोसळतात आणि कुणाचंही विम्याचं काम अडत नाही. वेस अँडरसनचा रंग छान असतो, माणसं त्याला शोभेशी निवडलेली. टॅरँटिनोला सिनेमाखेरीज दुसरं जग ठाऊक नाही. नोलन बुद्धिमान खरा, पण त्याच्या पात्रांना भूक लागल्याचं मला आठवत नाही. स्कॉर्सेसीवर स्वतंत्र लिहायला हवं.

मग खिसा दाखवणारा हा दुसरा सिनेमा आपल्यापर्यंत का येत नाही? वितरकांकडे बोट दाखवणं सोपं आहे. मला संशय आहे तो आपल्यावर. आपल्या मध्यमवर्गानं अमेरिकेत पैसे नव्हे, मुलं गुंतवली आहेत. ‘मुलगा न्यू जर्सीत असतो’ हे वाक्य ज्या सुरात उच्चारलं जातं, त्या सुराला ‘द फ्लोरिडा प्रोजेक्ट’ झेपत नाही. डिस्ने वर्ल्डच्या कुशीतल्या जांभळ्या मॉटेलात आठवड्याचं भाडं जमवण्यासाठी पार्किंगमध्ये अत्तरं विकणारी आई आणि भाडं मागताना अवघडणारा मॅनेजर. तेच डिस्ने वर्ल्ड आपण नातवाबरोबर पाहून येतो. फोटोंत मॉटेल नसतं. इराणमधली गरिबी, कोरियातलं तळघर आपल्याला चालतं, महोत्सवात त्यासाठी रांगा लागतात. ‘फँड्री’तल्या जब्याची जीन पँटही आपण समजून घेतो. अमेरिकेतला गरीब मात्र आपल्याला खोटा वाटतो, आळशी वाटतो, कारण तो खरा असेल तर आपला हिशेब चुकतो. व्हिसाचे नियम बदलले की रात्रभर झोप न लागणाऱ्या घरांत तरी वेंडीची वही कळायला हरकत नव्हती.

फिल्म सोसायट्यांना एवढंच सांगणं: पुढच्या वर्षी एक आठवडा या अमेरिकेला द्या. ‘किलर ऑफ शीप’, ‘वेंडी अँड लूसी’, ‘मॅन पुश कार्ट’, तीन पुरेत. फक्त खेळ रविवारी सकाळी ठेवू नका. ती तिकडून फोन येण्याची वेळ असते, कुणी फिरकणार नाही.