नदीची रेघ कोणी काढली?

संशोधनाचा प्रश्न कसा उलटा करायचा हे शिकायचं असेल, तर अनुराधा माथूर आणि दिलीप दा कुन्हा यांचं 'सोक : मुंबई इन ॲन एस्च्युअरी' (२००९) वाचाच. याच जोडीने २००१ मध्ये मिसिसिपीच्या पुरांवर पुस्तक केलं होतं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, मिठी घराघरांत शिरली. आपण विचारतो, पाणी नदीबाहेर का आलं? हे दोघं विचारतात, नदीची हद्द ठरवली कोणी? त्यांचं म्हणणं, मुंबई मुळात खाडीची, पाणी मुरवणारी जागा आहे. जमीन आणि पाणी यांच्यातली पक्की रेघ नकाशांनी आखली.

मांडणी जबरदस्तच. पण मला एक खटकतं. रेघ खोटी असली तरी तिचे परिणाम खरे असतात. कुर्ल्यात मिठीकाठी राहणाऱ्याचं घर पात्राच्या आत की बाहेर, हे त्याच रेघेवर ठरतं. तो माणूस या पुस्तकात फारसा भेटत नाही.

म्हणून प्रश्न जरूर उलटा करा, पण त्या रेघेवर कोण राहतं, तेही विचारा.