एक कातडे, एक इलॅस्टिक

जपानच्या मिदोरी या ब्रँडने २००६ मध्ये आणलेली ‘ट्रॅव्हलर्स नोटबुक’ हातात घ्या आणि तिची शिवण शोधा. सापडणार नाही. आवरण म्हणजे गाईच्या कातड्याचा एकच आयत, थायलंडमधल्या चिआंग माईत तयार होणारा. कड दुमडलेली नाही, आत अस्तर नाही, पुठ्ठा नाही. कातडी वस्तूचा दोरा बहुधा कातड्याआधी झिजतो. इथे झिजायला दोराच ठेवलेला नाही. वरचा पृष्ठभागही जाड लेपाखाली लपवलेला नाही. त्यामुळे नखाचा ओरखडा लगेच उठतो, पण बोटाने चोळला की फिकट होऊन रंगात मुरतो. वापराची खूण सामावून घेणारे असे कातडे निवडायला धाडस लागते, आणि पारखही.

खरी करामत मात्र कण्यात आहे. तिथल्या बारीक भोकांतून ओवलेले इलॅस्टिक आतल्या बाजूने उभे ताणून बसते. वही मधोमध उघडायची, तिची घडी त्याखाली सरकवायची, झाले काम. आपल्याकडच्या बायंडरची जुजबंदी कितीही पक्की असो, पाने भरली की पुठ्ठ्यासकट वही कपाटात जाते. इथे टिकणारे कातडे आणि संपणारा कागद यांची फारकत केली आहे. भरलेली वही निघते, कोरी बसते; हाताला सवयीचे झालेले आवरण हातातच राहते. इलॅस्टिक कधीतरी सैल पडणार, हेही करणाऱ्यांनी गृहीत धरलेले आहे. म्हणून सोबत एक जादा इलॅस्टिक येते, आणि ते बदलायला कात्री नि एक गाठ पुरते. कण्यावर कथिलाचा एक इवला तुकडा इलॅस्टिक धरून असतो. एवढ्या साध्या वस्तूवरचा तो एकच दागिना, आणि तोही कामाचा!

आतली वही २१० बाय ११० मिलिमीटरची. म्हणजे उंची ए-फाइव्हइतकीच, रुंदी ३८ मिलिमीटरने कमी. या अरुंदपणाचा गुण लिहितानाच कळतो. ओळ लवकर संपते, वाक्य आटोपशीर होते, उभ्याउभ्या लिहिताना वही तळहातात मावते. तिच्यातला मिदोरीचा एमडी कागद मुळात रोजनिशीसाठी घडवलेला. शाईचे पेन वापरणाऱ्याने त्यावर एक लांब शिरोरेघ ओढून पाहावी. निबेला अगदी हलकी पकड मिळते, शाई फुटत नाही, मागच्या पानावर सहसा उतरतही नाही. काना-मात्रांनी गजबजलेल्या आपल्या अक्षराला असा कागद मिळणे हे सुख आहे.

वहीला आपलेसे करताना थोडा संयम हवा. जोडपट्ट्या लावून एका आवरणात दोन-तीन वह्या बसतात: एक कोरी, एक चौकटींची, तिकिटे-पावत्यांसाठी एक जाड तपकिरी कागदाचे पाकीट. त्याहून जास्त कोंबल्या की आवरण तोंड वासते आणि सगळा डौल जातो. नाव कोरून घ्यायचे तर मागच्या बाजूला, आतून, बारीक अक्षरात. दर्शनी भाग मोकळाच बरा. तिथे काय उमटायचे ते तुमच्या पिशवीतल्या किल्ल्या आणि तुमचा हात ठरवतील. लटकनांची हौस अनेकांना असते. मला एखादा पितळी मणी पुरेसा वाटतो, तोही खूणदोऱ्याच्या टोकाला, कागदावर वळ उठणार नाही असा. भरलेल्या प्रत्येक वहीवर सुरुवातीची आणि शेवटची तारीख मात्र जरूर घाला. आवरण एकच राहते, त्यामुळे क्रम सांगायला दुसरे काही नसते.

आपल्या पावसाळ्यात कातड्याला बुरशी धरते. तेव्हा वही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, सोबतच्या सुती पिशवीत, हवेशीर जागी ठेवा. आणि रंग निवडताना काळ्याच्या मोहात न पडता फिकट ‘कॅमल’ घ्या. वापराच्या खुणा त्याच्यावर सर्वांत आधी आणि सर्वांत देखण्या उमटतात.