दहा दिवसांचा निर्णय

मेरी डोरिया रसेल ह्या अमेरिकन लेखिकेची 'द स्पॅरो' ही कादंबरी १९९६ साली प्रसिद्ध झाली. येशूसंघीय धर्मगुरू परग्रहावर जातात, एवढे ऐकूनच ती हाती घेणारे आमच्या वाचकांत काही असतील. नायक फादर एमिलियो सँडोझ ह्यांच्या श्रद्धेच्या अग्निपरीक्षेसाठी ती वाखाणली गेली, आणि ते यथार्थच आहे. आम्हांस मात्र तिच्यातील दुसऱ्या एका प्रश्नाकडे लक्ष वेधावयाचे आहे : परग्रहवासीयांपुढे पृथ्वीच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाचा?

कथानक थोडक्यात असे. कादंबरीतील २०१९ साली प्युएर्तो रिकोमधील अरेसिबो येथील रेडिओ दुर्बिणीवर आल्फा सेंटॉरीच्या दिशेने आलेले गाण्याचे सूर ऐकू येतात. पृथ्वीवर एवढे दैन्य असता हा खर्च करावा काय, ह्यावर संयुक्त राष्ट्रसंघात मुत्सद्द्यांचा वर्षानुवर्षे खल चालतो. येशूसंघ तोच निर्णय दहा दिवसांत घेतो. चार धर्मगुरू व चार प्रापंचिक पोखरलेल्या लघुग्रहात बसून राखाट ग्रहाकडे निघतात. परत येतात ते एकटे सँडोझ, दोन्ही हात निकामी झालेले.

हा प्रारंभ वाचताना कॅथॉलिक वाचकाची छाती थोडी फुगते, आमचीही फुगली. सरकारे घोळ घालीत बसली आणि आपल्या धर्मगुरूंनी नाव हाकारली! परंतु दुसऱ्या वाचनात आम्ही थबकलो. विचारायचे कुणाला हेच पृथ्वीवर ठरलेले नव्हते, म्हणून कुणालाच विचारले गेले नाही. राष्ट्रांची दिरंगाई आणि संघाची त्वरा ही दोन्ही एकाच दुहीची अपत्ये आहेत.

लेखिकेने मुत्सद्द्यांवर अन्याय केला, असे कुणी म्हणेल. इतिहास तसे म्हणू देत नाही. ग्रेनाडा ह्या चिमुकल्या देशाचे पंतप्रधान एरिक गेरी ह्यांनी हा विषय राष्ट्रसंघापुढे नेटाने मांडला होता. डिसेंबर १९७८मध्ये आमसभेने काय ठरविले? ज्या राष्ट्रांना रस असेल त्यांनी आपापल्या देशात संशोधन करावे व सरचिटणीसांना कळवावे. मार्च १९७९मध्ये गेरींचेच सरकार उलथले, आणि त्यांच्या मागणीला वाली उरला नाही. तत्पूर्वी १९७४ साली त्याच अरेसिबोहून मूठभर शास्त्रज्ञांनी एका दूरच्या तारकागुच्छाकडे संदेश धाडला होता, तोही राष्ट्रांचा कौल न घेता. परग्रहावरून संदेश आल्यास आंतरराष्ट्रीय विचारविनिमयावाचून उत्तर देऊ नये, असे तत्त्व शास्त्रज्ञांनी १९८९ साली आपसांत मान्य केले. पण ते कायद्याने कुणालाच बांधत नाही.

म्हणूनच कादंबरीतील एक उणीव आम्हांस खटकते. सरकारांचा हा सारा वाद लेखिका प्रास्ताविकातच थोडक्यात आटोपते. कुणी विरोध केला, कोणत्या भीतीने केला, हे कळतच नाही. त्या विरोधकांत एखादा शहाणाही असू शकला असता.

दुसरीकडे, दुही ही केवळ पृथ्वीची मिरास नाही, हे लेखिकेने फार ताकदीने दाखविले आहे. राखाटवर रूना आणि जानाआता अशा दोन जाती आहेत. राबणारे रूना, राज्य करणारे जानाआता. आणि हे राज्यकर्ते रूनांनाच भक्षितात. पाहुणे उतरतात ते रूनांच्या गावात. ते प्रेमाने मळे लावतात, रूनाही मळे करू लागतात. घरबसल्या पोटभर अन्न मिळाल्याने त्यांची संतती वाढते, आणि ती किती असावी हे ठरविणारे जानाआता बालके मारण्यासाठी गावात येतात. मळ्यासारखी निरुपद्रवी गोष्ट! आपण कुणाची बाजू घेतली आहे, हे पाहुण्यांना रक्त सांडेपर्यंत उमगत नाही. हा भाग आम्ही दोनदा वाचला. त्याहून परिणामकारक असे कादंबरीत काही नाही.

पुढे राष्ट्रसंघाच्या आशीर्वादाने निघालेले दुसरे जहाजही राखाटवर पोहोचते. एकाच पृथ्वीची ही दोन शिष्टमंडळे. त्यांतले खरे कुणाचे, असे राखाटवासीयांनी विचारले असते तर? एकाच प्रभूच्या नावाने दोन अधिकारपीठे उभी राहिली म्हणजे सामान्य माणसाची कशी तारांबळ उडते, हे मुंबईकडील आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पाद्रोआदो आणि प्रोपगंडा ह्यांचा दुहेरी अंमल तेथे १७९४पासून १९२८पर्यंत चालला.

दुसऱ्या जहाजावरील मंडळी सँडोझना अत्यंत लाजिरवाण्या अवस्थेत पाहतात, सारा दोष त्यांच्या माथी मारतात, अहवाल पृथ्वीकडे पाठवितात आणि त्यांना परत धाडतात. जगात संघाची छीथू होते. मग चौकशी बसते, आणि अर्धी कादंबरी त्या चौकशीत जाते. मेजाभोवती बसलेले सारे येशूसंघीयच आहेत. एकाही सरकारचा माणूस तेथे नाही, आणि सँडोझही कुणाची वाट पाहत नाहीत.